सेल बदलताना जयणा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब आडवे झाले आणि जिल्ह्यातील कित्येक घरे अनेक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी फडताळातून इमर्जन्सी दिवा काढावा आणि तो लागूच नये, हा अनुभव पेण-रोह्याच्या पावसाळ्याला नवा नाही. मग नवा दिवा येतो आणि जुना माळ्यावर जातो. वस्तुतः दिवा शाबूत असतो, निकामी झालेली असते ती आतली बॅटरी.

जुन्या धाटणीच्या दिव्यात बहुधा ६ व्होल्ट, ४.५ अँपिअर-अवरची शिशाची बंद बॅटरी असते. ती रिकाम्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडून राहिली की आतील पट्ट्यांवर शिशाच्या क्षाराचे कठीण स्फटिक जमतात व पुढे ती वीज धरीत नाही. म्हणून न वापरताही दर दोन-तीन महिन्यांनी ती पूर्ण चार्ज करावी. अक्षय्य तृतीयेला, वर्षीतपाच्या पारण्याच्या सुमारास एकदा आणि पर्युषणापूर्वी पुन्हा एकदा, इतके लक्षात ठेवले तरी पावसाळा निभावतो. बदलायचीच झाली तर जुनी बॅटरी सोबत नेऊन तेवढ्याच व्होल्टची, त्याच मापाची व त्याच जातीची घ्यावी.

‘त्याच जातीची’ यावर भर देण्याचे कारण आहे. हल्लीच्या टॉर्चमध्ये लिथियमचे सेल असतात आणि त्यांच्यातही भेद आहेत. नेहमीचा लिथियम-आयन सेल ३.७ व्होल्टचा असून तो ४.२ व्होल्टपर्यंत चार्ज होतो. लिथियम-आयर्न-फॉस्फेटचा सेल ३.२ व्होल्टचा, त्याची मर्यादा ३.६५ व्होल्ट. आकार सारखा म्हणून दुसरा पहिल्याच्या चार्जरला लावला तर तो मर्यादेपलीकडे चार्ज होतो आणि धोका ओढवतो. फुगलेला लिथियम सेल तर पुन्हा चार्ज करू नये, टोचू वा दाबू नये.

बाजारात ग्राहकाला भुलवतो तो एमएएचचा आकडा. २००० एमएएच म्हणजे २०० मिलीअँपिअरचा प्रवाह सुमारे दहा तास. १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब अशा लिथियम सेलमध्ये आजच्या घडीला साधारण ३५०० एमएएच मावतात, त्यामुळे ९९०० छापलेला सेल सरळ असत्य बोलतो. सत्यव्रताचा उच्चार करणाऱ्या आपल्या व्यापारी समाजाने तरी असा माल दुकानात ठेवू नये, असे मला वाटते. भारतीय मानक ब्युरोचे नोंदणीचिन्ह आणि आयएस १६०४६ हा क्रमांक पाहूनच सेल घ्यावा.

रक्तदाबाचे यंत्र व मुलांची खेळणी यांना पेन्सिल सेल लागतात. तेथे निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल शेकडो वेळा उपयोगी पडतात. त्यांचा दाब १.५ नव्हे, १.२ व्होल्ट असतो. बहुतेक उपकरणांना तो चालतो, क्वचित एखादे यंत्र उगाच ‘बॅटरी संपली’ असे दाखवते. पडून राहिल्यावरही चार्ज टिकवणारे, ‘प्री-चार्ज्ड’ असे छापलेले सेल घ्यावेत. नवे-जुने एकत्र घालू नयेत, कारण दुबळा सेल आधी रिता होतो आणि उरलेले त्यात उलटा प्रवाह ढकलतात. भिंतीवरच्या घड्याळाला मात्र साधाच सेल बरा. वर्षभर पुरणाऱ्या कामासाठी रिचार्जेबलचा खर्च व्यर्थ.

सामायिकात दिव्याचा उजेडही टाळणाऱ्या घरांनी एवढा खल का करावा, असे कोणी विचारील. पण चातुर्मासात ओल्या पायऱ्यांवरून उतरणाऱ्या वृद्धांना टॉर्च लागतेच. आणि जीवदयेचा प्रश्न तर सेल संपल्यावरच उभा राहतो. शिसे आणि जुन्या कॉर्डलेस फोनच्या सेलमधील कॅडमियम ही विषे आहेत. असा सेल परसात किंवा ओढ्यात टाकला तर त्याचे विष मातीत उतरते, पाण्यावाटे कुंडलिकेकडे वा भोगावतीकडे जाते. कुजणाऱ्या कचऱ्याप्रमाणे ते कधी नाहीसे होत नाही.

२०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी सर्व प्रकारच्या वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्चक्रित करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. शिशाची बॅटरी दुकानदार मोल देऊन परत घेतो. लहान सेलना मोल नसल्याने ते केरात जातात. त्यांसाठी घरात झाकणाचा एक कोरडा प्लास्टिकचा डबा ठेवावा, लिथियम सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावावी आणि डबा भरला की तो ई-कचरा गोळा करणाऱ्यांच्या स्वाधीन करावा. उपाश्रयाच्या आवारात असा एक सामायिक डबा ठेवण्यास फारसा खर्च येणार नाही.