गारवा घरभर : डक्टचा विचार स्लॅबच्या आधी

नागपुरात स्वतःच्या भूखंडावर घर बांधायला काढलेला थोरला भाऊ आणि ठाण्यातील सदनिकेत राहणारा धाकटा भाऊ, अशी दोन घरांची उदाहरणे डोळ्यांसमोर आणावीत. थोरल्याला निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेचा मोठा भाग या घरात घालायचा आहे आणि वृद्ध आई त्याच्याकडे राहणार आहे. धाकट्याने राहत्या घराचे नूतनीकरण काढले आहे. दोघांची इच्छा एकच आहे : खोलीगणिक भिंतीवर यंत्र न लटकवता छतातील जाळीतून शांत गारवा घरभर पोहोचावा. "दादा, तुझं सोपं आहे, तुझा स्लॅब अजून पडायचाय," असे धाकटा म्हणतो तेव्हा तो नकळत या विषयाचे मर्मच सांगून जातो.

यंत्रणेचे स्वरूप

डक्टद्वारे होणाऱ्या वातानुकूलनात थंड हवा तयार करणारे एकच यंत्र फॉल्स सीलिंगच्या आड बसते. तेथून निघणाऱ्या पत्र्याच्या हवानलिका, म्हणजेच डक्ट, उष्णतारोधक आवरणात गुंडाळून खोल्यांपर्यंत नेतात. बाहेरचे यंत्र गच्चीवर किंवा सज्जात असते. थंड हवा खोलीत जाते तितकीच हवा यंत्राकडे परत यावी लागते. हा परतीचा मार्ग अनेक घरांत विसरला जातो. रात्री दार लावले की हवा कोंडते आणि खोली नीट थंड होत नाही. दाराखाली पुरेशी फट किंवा दारावर जाळी एवढ्याने हा दोष टळतो.

वातानुकूलनाचे काम केवळ तापमान उतरवण्याचे नाही. १९०२ साली विलिस कॅरिअर यांनी ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली ती मुख्यतः हवेतील दमटपणा आवरण्यासाठी. मुंबई, चेन्नई, कोची अशा किनारी शहरांत हा मुद्दा आजही कळीचा आहे. गरजेपेक्षा मोठे साधे यंत्र खोली चटकन थंड करून बंद पडते आणि दमटपणा तसाच राहतो. 'इतक्या चौरस फुटांना एक टन' असा ठोकताळा म्हणूनच पुरेसा नाही. एक टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॉट उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता. ती किती लागेल हे वरची गच्ची, पश्चिमेच्या खिडक्या, काचेचे क्षेत्रफळ आणि माणसांची संख्या यांवरून खोलीवार काढावे लागते.

बांधकाम सुरू व्हायचे असेल तर

नव्या घरात खरी बचत नकाशावरच होते. यंत्र कोठे बसेल, डक्ट कोणत्या बाजूने जाईल, तो बीम कोठे ओलांडेल, निचऱ्याच्या पाइपाला ढाळ कसा मिळेल आणि बाहेरच्या यंत्राची उष्ण हवा कोठे जाईल, हे सारे आरसीसी सल्लागारासमोर स्लॅबपूर्वी ठरले पाहिजे. पाच टनांच्या यंत्रणेला पूर्ण भारावर सुमारे ६ किलोवॉट वीज लागू शकते. त्यामुळे मंजूर वीजभार आणि थ्री फेज जोडणी यांचा अर्जही वेळीच करावा.

यंत्राआधी छताकडे पाहणे अधिक शहाणपणाचे. निवासी इमारतींसाठी २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'इको निवास संहिते'ने छत आणि भिंतींतून शिरणाऱ्या उष्णतेवर मर्यादा सुचवल्या आहेत. गच्चीवर उष्णतारोधक थर दिला, पश्चिमेच्या खिडकीवर खोल छज्जा काढला, तर लागणारे टनेज मुळातच घटते.

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, पण हवा कोरडी असते. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर तेव्हा उत्तम काम देतो. पावसाळी दमट दिवसांत मात्र तो निरुपयोगी ठरतो. थोरल्या भावाने दिवाणखान्यात कूलरची सोय राखून तीन शयनगृहांपुरताच डक्ट घेतला, तर यंत्र लहान लागेल. आईच्या खोलीच्या फाट्यावर झडप बसवावी आणि हवेची जाळी पलंगाच्या थेट वर नसावी. म्हाताऱ्या माणसांना अंगावर येणारा झोत सोसत नाही.

घर बांधून झाले असेल तर

येथे पहिला प्रश्न उंचीचा. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ नुसार वातानुकूलित खोलीत जमिनीपासून डक्टच्या किंवा फॉल्स सीलिंगच्या सर्वांत खालच्या भागापर्यंत किमान २.४ मीटर उंची हवी. समजा, सदनिकेत फरशीपासून स्लॅबपर्यंत २.८ मीटर मिळतात. आवरण आणि फॉल्स सीलिंगसह डक्टला ३५ सेंटिमीटर लागले, तर २.४५ मीटर उरतात, काम निभते. परंतु बीम स्लॅबखाली ३२ सेंटिमीटर उतरला असेल आणि डक्ट त्याखालून न्यायचा असेल, तर उंची २.१३ मीटरवर येते. ती कोणत्याही हिशेबाने अपुरी.

अशा वेळी "बीमला एवढंसं भोक पाडू" असे सुचवणारा कारागीर भेटतो. त्याला ठाम नकार द्यावा. तयार बीमची सळई कापणे म्हणजे साऱ्या इमारतीच्या सुरक्षिततेशी खेळणे. सुरक्षित मार्ग बहुधा पॅसेजमधून निघतो. तेथे छत थोडे खाली चालते. यंत्र तेथे बसवून दोन्ही बाजूंच्या शयनगृहांत दारावरच्या भिंतीतून हवा सोडता येते. ती भिंत बीमवर नाही ना, हे तपासावे आणि सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी. किनारी शहरांत आवरणाचा एखादा सांधा उघडा राहिला तरी डक्टवर दव साठते आणि छतावर डाग पडतात.

रात्री एकाच खोलीत वातानुकूलन वापरण्याची सवय असलेल्या कुटुंबाने मात्र संपूर्ण घरासाठी डक्ट घेऊ नये. तेथे स्वतंत्र स्प्लिट यंत्रच काटकसरीचे.

कर्जाची मुदत आणि वस्तूचे आयुष्य

नीट बसवलेला डक्ट दीर्घकाळ टिकतो. यंत्र त्या मानाने लवकर बदलावे लागते. कर्जाची आखणी करताना हा भेद ध्यानात ठेवावा. डक्ट, छताचा उष्णतारोधक थर आणि वीजजोडणी ही बांधकामाची अंगे आहेत. ती अंदाजपत्रकात प्रारंभीच दाखवली, तर गृहकर्जात त्यांचा विचार होऊ शकतो. यंत्राचे तसे नाही. हिशेबासाठी ४ लाख रुपये घेऊ. ९ टक्के दराने २० वर्षांत फेडल्यास मासिक हप्ता सुमारे ३,६०० रुपये, पण एकूण व्याज सुमारे ४ लाख ६४ हजार. अल्प मुदतीचा दर १२ टक्के धरला, तरी ५ वर्षांत हप्ता सुमारे ८,९०० आणि व्याज सुमारे १ लाख ३४ हजार. लहान हप्त्याच्या मोहात पडले, तर यंत्र भंगारात गेल्यावरही त्याचे पैसे फेडत बसावे लागते.

करारापूर्वी

खोलीवार उष्णताभाराचा तक्ता लेखी मागावा. फॉल्स सीलिंग बंद करण्यापूर्वी निचऱ्याच्या ताटलीत पाणी ओतून ते वाहते का पाहावे आणि डक्टचे सांधे तपासावेत. यंत्राखाली माणसाचे हात पोहोचतील एवढे झाकण हवेच. अन्यथा जाळी साफ करण्यासाठी छत फोडावे लागेल. अखेरचा हप्ता प्रत्येक खोलीतील हवेचा प्रवाह मोजून दाखवल्यावरच द्यावा. वापरताना २४ अंश आणि सोबत पंखा ही सवय ठेवावी. २०२० पासून तारांकित खोली-यंत्रांत हेच तापमान मूळ म्हणून निश्चित केलेले असते.

वर कल्पिलेल्या दोन भावांपैकी थोरल्याने हे सारे नकाशावर मांडावे. त्याची रक्कम तंगीची असेल, तर डक्ट आज घालून यंत्र पुढच्या उन्हाळ्यात घ्यावे. त्यात काहीच बिघडत नाही. धाकट्याने दोन शयनगृहांना पॅसेजमधून डक्ट आणि दिवाणखान्याला स्प्लिट यावर समाधान मानावे. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे थोरल्याने जाणावे. विहिरीला जागाच नसेल तेथे घागर बरी, हे धाकट्याने.