‘राऊ’: प्रेमकथेइतकीच राजकारणाची

ना. सं. इनामदार यांची ‘राऊ’ ही कादंबरी १९७२ साली प्रसिद्ध झाली. २०१५ मध्ये तिच्या आधारे ‘बाजीराव मस्तानी’ हा हिंदी चित्रपट आला आणि नव्या पिढीचे वाचकही तिच्याकडे वळले. पुस्तक उघडताना बहुतेकांना प्रेमकथा हवी असते. ती इथे आहेच. पण तेवढीच वाचली तर निम्मी कादंबरी निसटते.

बाजीराव-मस्तानीच्या या प्रेमाची सुरुवातच राजकारणातली. १७२९ साली महंमदखान बंगशाने बुंदेलखंडाच्या छत्रसालांना कोंडीत पकडले, तेव्हा पेशवे थोरले बाजीराव त्यांच्या मदतीला धावून गेले. छत्रसालांनी त्यांना पुत्र मानून राज्याचा मोठा हिस्सा देऊ केला. मस्तानी छत्रसालांची मुलगी की दरबारातली कलावंतीण, यावर अभ्यासकांत एकमत नाही. पेशव्यांच्या जीवनात ती आली ती मात्र बुंदेलखंडातून.

पुण्यात या नात्याला वेगळीच धार चढली. १७३४ मध्ये दोघांचा मुलगा समशेर बहाद्दर याचा जन्म झाला आणि पेशव्यांच्या घराण्यात या मुलाचे स्थान काय, हा प्रश्न उभा राहिला. त्यात धर्म होता, जात होती, वारसाही होता.

मस्तानीला विरोध करणाऱ्यांना खलनायक ठरवून मोकळे होता येत नाही. १७३९ मध्ये वसई जिंकणारे चिमाजीअप्पा हे बाजीरावांचे जिवाभावाचे भाऊ, आणि नानासाहेब तर त्यांचेच पुत्र. बाजीराव नासिरजंगावरच्या मोहिमेत असताना याच दोघांनी मस्तानीला कैदेत ठेवले. घराण्याची प्रतिष्ठा राखण्यासाठी माया असलेली माणसेही किती कठोर होतात, हे समजून घेत वाचले तरच बाजीरावांच्या पत्नी काशीबाईंची घुसमटही नीट कळते.

२८ एप्रिल १७४० रोजी, चाळिशी गाठण्याआधीच, बाजीराव नर्मदाकाठी रावेरखेडी येथे वारले. पाठोपाठ मस्तानीही गेली. तिची कबर पाबळला आहे.

मोहिमा, तह, मृत्यूच्या तारखा इतिहासातून येतात. दोघांमधले खासगी संवाद मात्र कादंबरीकाराचे. ही सीमा ध्यानात ठेवली की रसभंग होत नाही, उलट लेखकाने कुठे आणि का रंग भरला ते दिसू लागते. त्यासाठी गो. स. सरदेसाई यांच्या ‘मराठी रियासती’तला बाजीरावांचा भाग सोबत जरूर वाचावा.

आणि समशेर बहाद्दरचे पुढे काय झाले, तेही पाहावे. १७६१ मध्ये तो पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला, जखमी झाला आणि त्यातच त्याचा अंत झाला. त्याचे वंशज पुढे बांद्याचे नवाब म्हणून ओळखले गेले.