काचेतलं लॉन काचेतच बरं!

फिशटँक म्हटलं की निळे खडे आणि प्लास्टिकची झाडं? ते आता जुनं झालं, मंडळी! सध्या क्रेझ आहे ती 'प्लांटेड टँक'ची. खरी झाडं, लाकूड, दगड आणि तळाशी हिरवंगार लॉन. जपानचे ताकाशी अमानो आधी व्यावसायिक सायकलपटू, मग फोटोग्राफर. 'नेचर अ‍ॅक्वेरियम वर्ल्ड' या पुस्तकातून त्यांनी ही स्टाइल जगभर नेली.

लॉनसाठी अनेकांची आवडती वनस्पती म्हणजे मॉन्टे कार्लो. कॅसिनोवालं नव्हे हं, ही मूळची अर्जेंटिनाची! पानं जेमतेम मसुराच्या दाण्याएवढी.

बजेट कमी आहे? फूटभराचा टँक आणि रोपांचा एक छोटा कप पुरे. सुरुवातीला टँकमध्ये पाणी भरूच नका. अ‍ॅक्वासॉइल नुसती ओली करा, चिमट्याने छोटे छोटे पुंजके लावा आणि वर क्लिंग फिल्म ताणा. रोज थोडी हवा द्या, पाण्याचा फवारा मारा. महिना-दीड महिन्यात मुळं घट्ट धरली की हळूहळू पाणी भरा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी घालवायला विसरू नका. त्यानंतर लाइट रोज सहा ते आठ तासच; जास्त दिलात तर लॉनऐवजी शेवाळ! कार्बन डायऑक्साइड सोडला तर वाढ झपाट्याने होते. नाशिकच्या मे महिन्यात पाणी तापतं, तेव्हा झाकण काढून छोटा पंखा लावा.

लॉन दाट झालं की खालच्या थराला उजेड मिळत नाही. मग अख्खा गालिचाच उचकटून वर येतो. म्हणून अधूनमधून कात्री चालवावीच लागते. पण या कापलेल्या काड्या टाकायच्या कुठे? नाल्यात किंवा गोदावरीत तर अजिबात नको! यातली छोटी काडीही पुन्हा मुळं धरू शकते. गोदापात्रात दरवर्षी पसरणारी पाणवेल आठवतेय ना? तीही दक्षिण अमेरिकेची, देखण्या फुलांसाठी हौसेनेच देशोदेशी गेलेली. मॉन्टे कार्लो तशीच पसरेल असं नाही, पण प्रयोग नदीवर कशाला? आपल्या गोदेचं पाणी पुढे नांदूर मध्यमेश्वरला जातं. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलेलं, पक्ष्यांचं हक्काचं घर!

सोपा उपाय सांगू? काड्या उन्हात कडकडीत वाळवा, मग कुंडीत खत म्हणून टाका. नाहीतर जास्तीची रोपं मित्राला द्या. त्याचाही टँक हिरवा होईल!