घरात ज्वारी आहे, मग काळजी कसली?

2020 च्या उन्हाळ्यात, करोनाच्या टाळेबंदीत, शहरातल्या गप्पांत एक वाक्य हमखास यायचं: गावाकडच्यांचं बरं आहे, घरचं धान्य, घरचं दूध. आकड्यांनीही त्याला दुजोरा दिला. एप्रिल ते जून 2020 या तिमाहीत देशाचं सकल देशांतर्गत उत्पादन 23.9 टक्क्यांनी घसरल्याचा पहिला अंदाज आला. शेती मात्र 3.4 टक्क्यांनी वाढलेली होती. खेडं तरलं, असं म्हणायला सगळे मोकळे झाले.

पण शेती वाढली म्हणून शेतकऱ्याच्या घरात पैसा आला असं होत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 77 व्या फेरीनुसार 2018-19 मध्ये देशातल्या शेतकरी कुटुंबाची सरासरी मासिक मिळकत 10,218 रुपये होती. त्यातले पिकांचे 3,798 आणि मजुरी-पगाराचे 4,063. म्हणजे महामारीच्या आधीच शेतकऱ्याच्या घराला शेतापेक्षा मजुरीचा आधार मोठा होता. भिवंडीचे यंत्रमाग, पुण्यातली बांधकामं, तालुक्याच्या बाजारातली हमाली, हीच ती मजुरी. 24 मार्च 2020 ला टाळेबंदी जाहीर झाली आणि ही मजुरी एका रात्रीत थांबली. ऊसतोड मजूर तर एप्रिलच्या मध्यापर्यंत कारखान्यांच्या परिसरात अडकून पडले होते. त्यांची मिळकत उचल म्हणून हंगामाआधीच हातात येते आणि बहुतेक घरांत ती तेव्हाच खर्चूनही जाते. गावी परतल्यावर हातात काय उरणार?

घरची ज्वारी पोट भरते. तेल, मीठ, गोळ्या-औषधं, वीजबिल आणि शाळा मोबाइलवर आल्यावर त्याचं रिचार्ज, याला रोकड लागते. आणि रोकड देणारा माल नेमका नाशवंत. हॉटेलं, मिठाईची दुकानं बंद झाल्यावर दुधाला गिऱ्हाईक उरलं नाही. राज्य सरकारने रोज 10 लाख लिटर जादा दूध 25 रुपये दराने उचलून त्याची भुकटी करण्याचा निर्णय घेतला, तो त्यामुळेच.

दुसरा गैरसमज रोजगार हमीचा. 2020-21 मध्ये मनरेगा या केंद्राच्या रोजगार हमी योजनेवर देशभरात साडेसात कोटींहून अधिक कुटुंबांनी काम केलं, मनुष्यदिवस 389 कोटींच्या घरात गेले. गावात काम मिळतंय याची खूण म्हणून हा विक्रम सांगितला गेला. माझ्या मते हा आकडा उलटा वाचायला हवा. महाराष्ट्रात तेव्हा दिवसाची मजुरी 238 रुपये होती. शहरात याहून जास्त कमावणारा गडी चर खोदायला उतरतो, तेव्हा दुसरं दार बंद झालेलं असतं. शिवाय केंद्राच्या तेव्हाच्या कायद्यातले 100 दिवस माणशी नव्हते, कुटुंबाला मिळून होते. दोन मुलगे आणि एक सून परत आली की तेच दिवस वाटून घ्यायचे. प्रत्यक्षात देशाची सरासरी कुटुंबामागे जेमतेम 52 दिवसांची राहिली. महाराष्ट्राच्या 1977 च्या कायद्यात 100 च्या पुढचे दिवस राज्याच्या खर्चाने देण्याची सोय होती. पण ती मिळायला आधी शंभरी तर गाठायला हवी होती!

सरकारी मदत सगळ्यांना पोचली, हेही अर्धंच खरं. एप्रिल 2020 पासून माणशी 5 किलो धान्य मोफत मिळालं आणि त्याने उपासमार रोखली, हे मान्यच करायला हवं. पण अन्नसुरक्षेची यादी 2011 च्या जनगणनेवर बेतलेली, त्यानंतर वाढलेली किती घरं तिच्याबाहेर. पीएम-किसानचे 2,000 रुपये सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला. बटाईने कसणारा आणि भूमिहीन मजूर त्यात नाहीत.

कर्जाचे हप्ते लांबणीवर पडले तेव्हा कर्जच माफ झालं असंही काहींना वाटलं. रिझर्व्ह बँकेची सवलत 1 मार्च ते 31 ऑगस्ट 2020 अशी होती, आणि त्या काळात व्याज चढतच होतं. त्याच ऑगस्टमध्ये सोनं गहाण ठेवून शेतीबाहेरच्या कामासाठी मिळणाऱ्या कर्जाची मर्यादा किमतीच्या 75 वरून 90 टक्क्यांवर नेली गेली. पैसा लवकर मिळाला, पण पुढच्या अडचणीसाठी राखलेला दागिना आधीच बाहेर गेला.

म्हणूनच ‘भागतंय का?’ या प्रश्नावर मिळालेलं ‘भागतंय’ हे उत्तर जपून ऐकावं लागतं. ते कशावर भागतंय, बचत गटातून उचलून, शेळी विकून की दुकानदाराच्या उधारीवर, हे बहुधा घरातल्या बाईला नेमकं ठाऊक असतं, आणि चौकशीचा फोन उचलतो पुरुष. रिझर्व्ह बँकेची ग्राहक-विश्वासाची पाहणीही तेव्हा 13 मोठ्या शहरांपुरतीच होती. मे 2021 मध्ये तिचा निर्देशांक 48.5 इतका खाली गेला. 100 च्या खाली म्हणजे निराशा. ती शहराची निराशा होती, गावाला विचारलंच नव्हतं.

आजाराची धास्ती ही नुसती घबराट होती, असंही म्हटलं जातं. मे 2020 मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सर्व रहिवाशांना लागू झाली, मग भीती कसली? पण ही योजना यादीतल्या रुग्णालयात दाखल झाल्यावर, ठरलेल्या उपचारांपुरती कामी येते. त्याआधीच्या तपासण्या, खाजगी गाडीचं भाडं, रुग्णाजवळ बसणाऱ्याचा बुडालेला रोज हे सगळं घरच्याच खिशातून जातं. 2021 च्या दुसऱ्या लाटेत आजार गावोगाव पोचला, तेव्हा अनेक घरांच्या हिशेबात हाच खर्च सगळ्यात वर होता.