पिशवीत मावणारी गोधडी

डायलिसिस केंद्राबाहेरच्या बाकांवर रुग्णांचे सोबती बसलेले असतात. आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास. हाताला काम नाही आणि जागा सोडून जाताही येत नाही. मग मोबाइल बाहेर निघतो. दोन तासांनी डोळे चुरचुरतात, मान आखडते आणि मनातली धाकधूक मात्र होती तेवढीच राहते. अशा वेळी हातांना छोटे, मध्येच थांबवता येणारे काम असेल, तर बसणे सुसह्य होते. ‘इंग्लिश पेपर पीसिंग’ हे तसे एक काम आहे.

आपली गोधडी जमिनीवर अंथरून शिवायची. ती बरोबर नेता येत नाही. इंग्लंडमधल्या या पद्धतीत कापडाचा एकेक तुकडा कागदाच्या साच्यावर दुमडून तयार करतात आणि मग तुकडे हाताने जोडतात. पद्धत जुनी आहे. ब्रिटनमधल्या क्विल्टर्स गिल्डच्या संग्रहात १७१८ सालचे एक रेशमी पांघरूण आहे. त्यातले कागद अजून आत आहेत. कादंबरीकार जेन ऑस्टिन हिने १८११मध्ये बहिणीला लिहिलेल्या पत्रात अशाच कामासाठी तुकडे जमवण्याची आठवण केली आहे.

साहित्य घरातच मिळते. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदातून अडीच सेंटिमीटर बाजूचे षटकोन कापा. सुती कापड चहूबाजूंनी पाऊण सेंटिमीटर जास्त ठेवून कापा, कागदावर दुमडा आणि कच्चे टाके घाला. मग दोन तुकडे सुलट बाजू आत घेऊन एकावर एक ठेवा आणि काठाचे चार-दोन धागेच उचलत बारीक तिरपे टाके घाला. एखाद्या तुकड्याच्या सहाही बाजू जोडल्या गेल्या, की त्याचा कागद काढून पुन्हा वापरता येतो.

षटकोनच का? त्याचा प्रत्येक कोन १२० अंशांचा, त्यामुळे तीन तुकडे एका बिंदूत फट न राहता बसतात. शिवाय सपाट जागेचे सारख्या क्षेत्रफळाचे भाग पाडायचे, तर कडांची एकूण लांबी षटकोनांत सर्वांत कमी भरते. मधमाश्यांच्या पोळ्यावरून सुचलेले हे अनुमान टॉमस हेल्स या गणितज्ञाने १९९९मध्ये सिद्ध केले. शिवणाऱ्यासाठी त्याचा अर्थ सोपा आहे: तेवढ्याच कापडाला कमीत कमी शिवण.

बाळाच्या ९० सेंटिमीटर लांब-रुंद दुपट्याला असे सुमारे ५०० तुकडे लागतात. रोज दोन जोडले, तर आठ महिन्यांहून थोडे अधिक. अस्तर लावून धावदोरा घालण्याचे काम शेवटी घरी करायचे.

हे औषध नव्हे आणि त्यालाही पथ्य आहे. बारीक कामात पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात. म्हणून दर २० मिनिटांनी २० सेकंद वीसेक फुटांवर पाहा. चाळिशी ओलांडली असेल, तर जवळचा चष्मा लावूनच बसा. मान वाकवण्याऐवजी मांडीवर पिशवी ठेवून काम वर उचला. अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर थांबा. त्रास टिकला तर डॉक्टरांना दाखवा. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झाली असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर बोटावर अंगुस्तान घाला. रुग्णाच्या ज्या हाताला डायलिसिसच्या सुया लावलेल्या असतात तो हलवायचा नसतो, म्हणून हे काम सोबत्यानेच करावे. शिवणाची सुई मोजून बाहेर काढावी आणि मोजूनच डबीत ठेवावी.

सुरुवात सात तुकड्यांनी करा: मध्ये एक, भोवती सहा. एक फूल होते. पुढे जमले नाही, तरी चहाच्या कपाखाली ठेवायला ते उपयोगी पडते.