परसबाग हलवताना

मंडळी, तत्त्वज्ञानाचा माणूस माती कशाला उकरतो, असं काहींना वाटलं असेल. पण ‘स्थान’ हा आमच्याच शास्त्रातला जुना प्रश्न. प्रत्येक वस्तूला तिची नैसर्गिक जागा असते असं ॲरिस्टॉटल मानायचा, आणि त्याचा शिष्य थिओफ्रास्टस तर वनस्पतींवर दोन मोठे ग्रंथ लिहून गेला. तेव्हा आम्ही फार लांब भटकलेलो नाही.

परस म्हणजे घराची मागची बाजू. भाजी तिथं का, तर विहीर आणि मोरी तिथं. म्हणजे जागा ठरायची ती पाणी बघून, ऊन बघून नव्हे. उजनीच्या पाण्याची पाळी मोजत ज्यांनी दिवस काढले, त्यांना हे वेगळं सांगायला नको. पण शहर उंच व्हायला लागलं की हिशेब बदलतो. आमच्या परसाच्या दक्षिणेला शेजाऱ्यांनी मजला चढवला. त्यांचा तो हक्कच. वांगी मात्र फुलायची थांबली.

ह्यात भूमिती आहे, ती समजून घेऊ. सोलापूर साधारण 17.7 उत्तर अक्षांशावर. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 49 अंश चढतो. वीस फुटी भिंतीची सावली तेव्हा उत्तरेकडे साडेसतरा फूट पडते. उलट मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि त्याच भिंतीची सावली दुपारी नाहीशी होते. म्हणजे भिंतीच्या उत्तरेचा वाफा हिवाळ्यात, ऐन भाजीच्या दिवसांत, अंधारात. आणि मेमध्ये भट्टीत! आपल्याकडे यापेक्षा वाईट जागा शोधून सापडायची नाही.

मग चांगली जागा कुठली? घराच्या पूर्वेची, दक्षिण मोकळी असलेली, भिंतीपासून चार-पाच फूट सोडून. सकाळपासून दुपारपर्यंत ऊन, नंतर पश्चिमेचा ताप घरच अडवतं. (आग्नेय दिशा स्वयंपाकघराची, असं कुणी म्हणालं तर भाजी शेवटी तिथंच जाते, एवढं उत्तर पुरे.) टोमॅटो, वांगी, मिरचीला सहा तास ऊन लागतं, मेथी, पालक तीन-चार तासांवर भागवतात. एक काठी रोवा, तासातासाला सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. हे गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास करा, कारण तेव्हा सावल्या लांब असतात.

माती हलवायची ती वाफसा आल्यावरच. ओली काळी माती उकरली तर ढेकळं होतात आणि वाळून विटा. वरची वीतभर तेवढी न्या. जीव तिच्यात असतो. पावसाचा खरा जोर आपल्याकडे सप्टेंबरात, म्हणून त्याआधी उघडीप गाठलेली बरी. मिरची-वांग्याची कोवळी रोपं मातीच्या गड्ड्यासकट संध्याकाळी हलतात. भेंडी, गवार, मुळा, दोडका ह्यांना हलवू नका, नव्यानं पेरा.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं बृहत्संहितेत झाडं हलवण्याचे ऋतूसुद्धा दिले आहेत: फांद्या न फुटलेली शिशिरात, फुटलेली हेमंतात, जाड खोडाची पावसाच्या तोंडावर. मुळापासून खोडापर्यंत तूप, मध, तीळ, वाळा, वावडिंग, दूध आणि शेण यांचा लेप सांगितलाय. आजच्या भावात तूप राहू द्या, शेणकाला पुरे.

आमच्या घरी अडलं ते कढीपत्त्यापाशी. तो आई लावून गेलेल्या. सावलीत पार हडकला होता, पण त्याला हात लावायला घरात कुणी तयार नव्हतं. जुनं झाड उपटून हलवणं धोक्याचंच. मात्र कढीपत्त्याला मुळावर फुटवे येतात. फुटव्याला जोडलेलं मूळ कुदळीनं आधी तोडायचं, महिनाभर तिथंच ठेवायचं, त्याला स्वतःची मुळं फुटली की उचलायचं. आता विचार करा: बी पेरून आलेलं झाड हे त्याचं मूल झालं असतं, फुटवा मात्र मूल नव्हे, तो तेच झाड आहे. नागसेनानं मिलिंद राजाला रथावरून छळलं, तो हाच प्रश्न. आमच्या सौभाग्यवतींनी मिलिंदाहून लवकर मान्य केलं. फुटवा पूर्वेला गेला, जुनं झाड जागेवर राहिलं, आणि आईंचा कढीपत्ता सध्या दोन ठिकाणी आहे.

मघाशी एका भगिनींनी विचारलं, जुन्या जागेत काय लावू? अळू आणि पुदिना. दोघांना सावली चालते, ओल आवडते. फक्त कपड्यांच्या पावडरचं पाणी तिकडं सोडू नका; त्यातल्या क्षारांनी काळी माती आणखी घट्ट बसते. तांदूळ धुतलेलं पाणी चालेल.