जुना चित्रपट पुन्हा पाहताना

आवडलेले पुस्तक पुन्हा वाचावे, ऐकलेले कीर्तन पुन्हा ऐकावे, यात कोणालाही नवल वाटत नाही. चित्रपटाच्या बाबतीत मात्र, एकदा कथा कळली की तो संपला, अशी पुष्कळांची समजूत असते. त्यातून तो जुना आणि रंगहीन असेल, तर त्याच्याकडे वळण्याची इच्छाच होत नाही. परंतु चांगला चित्रपट आपले सारे धन पहिल्याच भेटीत देऊन टाकीत नाही. ‘संत तुकाराम’ हा बोलपट याचे उत्तम उदाहरण होय.

पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने हा चित्रपट १९३६ साली काढला. विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल यांनी तो दिग्दर्शित केला. १९३७ साली इटलीतील व्हेनिस येथील महोत्सवात त्याचा गौरव झाला.

हा चित्रपट प्रथम पाहताना आपले सारे लक्ष तुकारामांकडे असते. ही भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस अभंग स्वतःच गातात आणि ते ऐकताना मन तल्लीन होते. मत्सरी सालोमालोचा आपल्याला राग येतो. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडतात तेव्हा जीव कासावीस होतो आणि त्या परत मिळतात तेव्हा आनंद होतो. तुकारामांची पत्नी जिजाई मात्र आपल्याला नुसती भांडखोर वाटते. ती चिडली की आपण हसतो आणि पुढे पाहू लागतो.

तोच चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना केवळ जिजाईवर नजर ठेवावी. घरात धान्य नाही, मुलांना भूक लागली आहे, म्हशीची निगा राखायची आहे, आणि घरधनी भजनात रंगला आहे. मूल आजारी पडते तेव्हा ती थेट देवळात जाऊन विठ्ठलालाच जाब विचारते. शिवाजी महाराजांनी पाठविलेला नजराणा पाहून ती हरखून जाते. परंतु तुकाराम तो परत पाठवितात. पहिल्या वेळी आपण त्यांच्या वैराग्यापुढे मान लववितो. दुसऱ्या वेळी मान लववितानाच, आता मुलांच्या ताटात काय वाढायचे, हा जिजाईचा प्रश्नही आपल्याला ऐकू येतो. अखेरीस तुकाराम तिला वैकुंठाला चलण्यास सांगतात, तेव्हाही ती घर आणि मुले सोडून निघत नाही. तिची भक्ती तिच्या कष्टांत आहे, हे तेव्हा उमगते.

मग चित्रपट बदलला काय? नाही. गौरी या अभिनेत्रीने जिजाईचा राग आणि माया पहिल्यापासूनच तितक्याच सच्चेपणाने दाखविली होती. आपली नजर दुसरीकडे होती, इतकेच. जिजाईची बाजू कळली म्हणून तुकारामांचा थोरपणा उणा होत नाही. एकाचे मोठेपण मान्य करूनही दुसऱ्याला न्याय देता येतो, हे आपण शिकतो.

जुन्या चित्रपटाकडे पाहताना त्याचा काळही ध्यानात घ्यावा लागतो. मराठीतील पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली आला. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी ‘संत तुकाराम’ तयार झाला. त्यातील चमत्कार कॅमेऱ्याच्या युक्तीने साधलेले आहेत. त्यांना आज हसण्यापेक्षा, त्या तुटपुंज्या साधनांनी ते कसे साधले असतील, याचा विचार करणे अधिक लाभाचे ठरते. त्याचबरोबर, चित्रपट म्हणजे इतिहास नव्हे, हेही विसरता कामा नये. यातील एक गीत शांताराम आठवले यांनी अभंगाच्या धर्तीवर इतके हुबेहूब रचले की, ते तुकारामांचेच आहे असा अनेकांचा समज झाला. सतराव्या शतकातील संत १९३६ सालच्या कलावंतांना कसा दिसला, हे या चित्रपटात आपण पाहतो.

घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या आवडीचा एखादा जुना चित्रपट विचारावा आणि तो त्यांच्याबरोबर पाहावा. पहिल्या वेळी खुशाल कथेत रमावे. दुसऱ्या वेळी मात्र, ज्याच्याकडे आधी आपले लक्ष गेले नव्हते, अशा एखाद्या पात्राच्या मागे जावे. अशी सवय जडली, म्हणजे चित्रपटाबाहेरही कोपऱ्यात मुकाट्याने राबणारी माणसे आपल्या नजरेतून सुटत नाहीत.